नुसतं तेल, नुसतं व्हिटॅमिन

डॉक्टरीणबाईंनी प्रश्न इतक्या मऊ आवाजात विचारला की पंचनाम्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका, अधूनमधून गोळी चुकतेय का? चुकली तर चुकली म्हणून सांगा. मी रागावणार नाही."

मी रागावणार नाही, असं त्याला शेवटचं कोणी म्हटलं असेल ते बालवाडीत. वय सत्तावन्न, त्यातली एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्तीत घालवलेली, आणि समोर भाचीच्या वयाची एक बाई त्याला न रागावण्याचं आश्वासन देत होती. एकही गोळी चुकलेली नाही, असं तो म्हणाला. बाईंनी मान डोलावली. अशी मान कधी डोलावतात ते त्याला चांगलं ठाऊक होतं. लिफ्टमध्ये उड्या मारून ती बंद पाडणारे लोक जेव्हा "आम्ही काहीच केलं नाही" म्हणतात, तेव्हा तो स्वतः अशीच मान डोलावत आला होता.

दुसरं कुठलं औषध सुरू केलंय का, हेही बाईंनी विचारलं. नाही, तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने ते शंभर टक्के खरं होतं. बाईंनी ते लिहून घेतलं आणि गोळीचा डोस वाढवला.

पंचनामा हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हतं. लिफ्ट बिघडल्याचा फोन आला की बाकीचे मिस्त्री हत्यारांची पेटी उघडत. हा आधी तोंड उघडायचा. कधीपासून? कुठल्या मजल्यावर? आत कोण होतं? त्याआधी कोणी हात लावला? समाधान होईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. घरीही तेच. दूध उतू गेलं तर गॅस किती वाजता मोठा केला होता हे तो विचारायचा, आणि लग्नाच्या तिसाव्या वर्षी बायको आता वेळ सांगूनच दूध उतू घालवायची.

त्याच्या कामाचा एक नियम होता. तो कंपनीचा असला तरी कंपनीपेक्षा यानेच जास्त पाळला होता. प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर लिफ्टची मशीन रूम असते. त्या खोलीत दाराशेजारी खिळ्याला एक जाड पिवळं कार्ड टांगलेलं असतं. तारीख, काय केलं, सही असे तीन रकाने, आणि कडेला चौथा, अरुंद, शेऱ्याचा. त्यात फक्त मुख्य मिस्त्रीने लाल पेनाने लिहायचं. यंत्राला हात लावला की कार्डाला हात लावायचा. स्क्रू घट्ट केला तरी लिहायचं. नवीन माणसाला तो एवढंच शिकवायचा. बाकीचं, त्याच्या मते, ज्याचं त्याला येतं किंवा येत नाही.

गेल्या वर्षीच्या आरोग्य तपासणीत त्याचे ठोके लयीत नाहीत असं निघालं. स्टेथोस्कोप लावणाऱ्या माणसाने तो एका जागी लावला, उचलला, दुसरीकडे लावला आणि मग कपाळाला आठ्या घालून पुन्हा पहिल्या जागी आणला. पंचनाम्याला काहीच होत नव्हतं, म्हणून त्याने हा वैयक्तिक अपमान मानला. पुढे डॉक्टरीणबाईंनी समजावलं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त तिथे साचतं, साचलं की त्याची गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेली तर माणूस आडवा होतो. त्यावर दोन गोळ्या. एक ठोक्यांना आवरायला, दुसरी रक्त पातळ ठेवायला. दुसरीसाठी दर महिन्याला रक्त तपासायचं. आकडा दोन आणि तीनच्या मध्ये हवा. दोनच्या खाली गुठळीची भीती, तीनच्या वर रक्तस्रावाची.

हे मात्र त्याला मनापासून आवडलं. वरची मर्यादा, खालची मर्यादा, महिन्याला तपासणी. आपल्या शरीरात इतकी शहाणी यंत्रणा असेल असं त्याला वाटलं नव्हतं. सात खणांची डबी आणली. रविवारी बायकोने भरायची, याने तपासायची. वर्षभर आकडा दोन पॉइंट दोन ते दोन पॉइंट सातच्या मध्ये राहिला. प्रयोगशाळेचे कागद एकाखाली एक टाचून ठेवलेले होते, आणि पाहुण्यांनी विचारलं नाही तरी तो ते दाखवायचा.

आता आकडा आला होता एक पॉइंट सहा.

आकड्याला महत्त्व होतं ते जिवापुरतंच नव्हे. वर्षाचं फिटनेस सर्टिफिकेट दोन महिन्यांवर आलं होतं, आणि त्यावर सही याच बाईंची लागणार होती. सही नाही, तर शाफ्टमध्ये, लिफ्टच्या त्या उभ्या विहिरीत, पाऊल नाही. मग जागा एकच: तळघरातली फोनची खोली. दोन खुर्च्या, दोन फोन, खिडकी नाही, आणि दिवसभर "लिफ्ट अडकलीय हो" ऐकायचं, तेही ती सोडवायला न जाता. कंपनीत तिथे दोन प्रकारची माणसं जात. एक निवृत्तीला टेकलेली, दुसरी शिक्षा झालेली. पंचनाम्याला यातलं काहीच व्हायचं नव्हतं. लिफ्टच्या छतावर उभं राहून, अंधाऱ्या शाफ्टमधून दोरांचा आवाज ऐकत वर जाणं, एवढं एकच काम त्याला न चिडता करता यायचं.

घरी येऊन त्याने डबीचा पंचनामा केला. खण मोजले, रिकाम्या स्ट्रिपा मोजल्या, केमिस्टच्या तारखा जुळवल्या. हिशेब गोळीला गोळी बसला. बायकोला त्याने तीन वेगवेगळ्या प्रकारे एकच प्रश्न विचारला, तेव्हा ती म्हणाली की ती साक्षीदार असेल तर तिला बसायला खुर्ची द्यावी, आरोपी असेल तर वकील द्यावा.

हे सगळं डायनिंग टेबलावर चाललं होतं. टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी एक हिरव्या झाकणाची बाटली होती, आणि स्ट्रिपा मोजायला जागा हवी म्हणून त्याने ती स्वतःच्या हाताने बाजूला सरकवली.

ती बाटली धाकट्या भावाने आणली होती. धाकटा भाऊ एका दुकानात आरोग्यवर्धक वस्तूंचा विभाग सांभाळायचा, आणि आरोग्याविषयी त्याचा उत्साह असा होता की त्याच्याशी दहा मिनिटं बोललं की धडधाकट माणसालाही आपल्यात काहीतरी कमी आहे असं वाटायला लागे. दादाचे गुडघे शिडी चढताना करकरतात हे कळल्याबरोबर तो बाटली घेऊन हजर झाला. साठ कॅप्सूल, रोज सकाळी एक. हाडांसाठी व्हिटॅमिन डी, सोबत के. डी शरीरात चुना घेतं आणि के तो हाडांत नेऊन बसवतं, असं त्याने गवंड्याच्या हावभावांसह समजावलं होतं. डॉक्टरांना विचारलंत का, असं बायकोने तेव्हा विचारलं होतं. त्यावर पंचनामा म्हणाला होता, "डॉक्टरांना काय, मीठ किती खातो तेही विचारू?"

गोळ्या औषध होत्या. त्या कपाटात, डबीत, तारखेवार राहायच्या. बाटली मिठाशेजारी. घराची ही व्यवस्था इतकी सरळ होती की ती तपासायचं कोणाच्या मनातही आलं नाही, पंचनाम्याच्या तर नाहीच.

पुढच्या तपासणीत आकडा एक पॉइंट सात आला. बाईंनी डोस आणखी वाढवला. या वेळी त्यांनी रागावणार नाही असं म्हटलं नाही. घरात गोळ्यांची आठवण करून देणारं कोणी आहे का, असं विचारलं. पंचनामा घरी आला तो दात आवळून. जेवतानाही ते नीट उघडले नाहीत.

दरम्यान कामावर वेगळंच प्रकरण पेटलं.

एका जुन्या ऑफिस इमारतीची दोन नंबरची लिफ्ट मजल्यांवर नीट थांबेना. कधी बरोबर, कधी तीन बोटं पुढे. अशी चूक सर्वांत वाईट. कायमची बिघडलेली लिफ्ट तरी प्रामाणिक असते. पंचनाम्याने मशीन रूममध्ये जाऊन कार्ड पाहिलं. गेल्या दोन महिन्यांत काहीच केलेलं नव्हतं. म्हणजे ब्रेक ढिला पडत असणार. त्याने ब्रेकची स्प्रिंग आवळली, कार्डावर लिहिलं, सही केली. आठवड्याने पुन्हा तक्रार. पुन्हा आवळली, पुन्हा लिहिलं. दोन दिवस लिफ्ट शहाण्यासारखी वागली. तिसऱ्या दिवशी ती मजल्याच्या अलीकडे असा काही गचका देऊन थांबली की फायलींचा गठ्ठा घेऊन उभ्या असलेल्या एक बाई गुडघ्यावर आपटल्या आणि त्यांचा चष्मा फुटला.

पंचनाम्याने अख्खा ब्रेक खोलला. ब्रेक ज्याला आवळून धरतो तो ड्रम एका कडेला पुसल्यासारखा चकचकीत होता, आणि खाचेत तेलाचा ओशट माग राहिला होता.

दोन नंबरला त्याच्याशिवाय हात लावणारा एकच माणूस होता, त्याचा जोडीदार. शाफ्टमध्ये उतरला की शीळ घालायचा, म्हणून त्याला सगळे शिट्टी म्हणत. चाळिशीचा, हाताने वाकबगार, तोंडाने आणखी वाकबगार. विचारल्यावर त्याने लगेच सांगितलं. ब्रेकची पिन किरकिरत होती, म्हणून त्याने दोन थेंब तेल सोडलं होतं. जरा ड्रमवर ओघळलं असेल. मग तक्रारी येतायत म्हटल्यावर काल संध्याकाळी त्याने ते फडक्याने स्वच्छ पुसून काढलं.

म्हणजे तेलाने ब्रेक घसरत होता, आणि पंचनामा घसरणारा ब्रेक आवळत होता. आवळून आवळून पुरेसा झाला, तेव्हा याने तेल पुसलं. आता आवळलेला ब्रेक कोरड्या ड्रमवर दातासारखा बसत होता.

"कार्डावर का नाही लिहिलंस?" पंचनाम्याने विचारलं. तो ओरडला नाही. त्याच्या बाबतीत हे जास्त वाईट लक्षण होतं.

"अहो मास्तर, ते काय काम होतं का? नुसतं तेल होतं."

मग मात्र तो ओरडला. इमारतीचा पहारेकरी, चष्मा फुटलेल्या बाईंच्या ऑफिसातली अर्धी माणसं आणि शेजारच्या लिफ्टची वाट पाहणारे लोक यांच्यासमोर तो पाच मिनिटं बोलला आणि एकही वाक्य पुन्हा वापरलं नाही. तुला कोणी विचारलं होतं ते काम आहे की नाही. यंत्राला विचारलंस का. त्याला काय ठाऊक तू प्रेमाने तेल घातलंस की वैराने. मी दोन आठवडे तुझं तेल दुरुस्त करत होतो आणि मला वाटत होतं मी ब्रेक दुरुस्त करतोय. शेवटी शिट्टीने एवढंच म्हटलं की तेल चांगल्यासाठीच घातलं होतं. त्यावर पंचनाम्याला आणखी दोन मिनिटं पुरेल इतका राग आला.

वर जाऊन त्याने कार्डाच्या चौथ्या रकान्यात लाल पेनाने लिहिलं: "न नोंदवता फेरफार. निष्काळजीपणा." खाली येऊन सुपरवायझरकडे लेखी तक्रार दिली. शिट्टीला दीड महिना फोनच्या खोलीत बसवलं. जाताना शिट्टीने नुसतं पाहिलं, शीळ घातली नाही.

याच सुमारास हिरव्या झाकणाची बाटली संपली. धाकटा भाऊ दुकानाच्या कामासाठी तीन आठवडे परगावी होता, आणि करकरणारे गुडघे तीन आठवडे करकरू शकतात यावर घरात एकमत झालं. त्यानंतर पंधरा दिवसांनी दात घासताना बेसिनमध्ये लाल उतरलं. शिडीच्या कडेला हात नुसता टेकला तर मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा झाला. बायकोने त्या हाताकडे पाहून कोणाशी मारामारी झाली का विचारलं. त्याचा अलीकडचा स्वभाव पाहता प्रश्न रास्त होता. तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यात होती. तिने ती त्याला न विचारता अलीकडे आणली, आणि तो कुरकुरत गेला.

आकडा: चार पॉइंट नऊ.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. एक दिवस गोळी पूर्ण बंद, मग डोस कमी, डोक्याला मार लागला किंवा रक्त थांबेना तर तासभरही न थांबता यायचं, हे सगळं त्यांनी नीट लिहून दिलं. मग पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या की असं एकाच कारणाने होतं. माणूस काही दिवस गोळ्या विसरतो, आणि तपासणी जवळ आली की दोन-दोन घेऊन भरून काढतो.

"मी भरून काढतो?" पंचनामा म्हणाला.

"बरेच जण करतात, काका."

सर्टिफिकेटचा कागद त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवलेला होता. बाईंनी तो हलकेच परत सरकवला. दहा-दहा दिवसांनी तपासू, सलग दोन आकडे ठीक आले तर पाहू. तोवर शाफ्ट नको. या रक्ताने वर चढणं म्हणजे नुसता ओरखडा निघाला तरी पंचाईत.

रस्त्याने येताना त्याने बाईंना मनातल्या मनात दिलेली उत्तरं इतकी धारदार होती की ती त्यांना ऐकवायला हवी होती. सोमवारपासून त्याने फोनच्या खोलीत बसावं, असं सुपरवायझरने अतिशय आदराने सांगितलं. दोन खुर्च्यांपैकी एकीवर शिट्टी होता.

रविवारी धाकटा भाऊ आला. परगावाहून आल्यामुळे जास्तच ताजातवाना दिसत होता. दादाचा हात पाहून तो हळहळला, आणि हळहळत हळहळत त्याने पिशवीतून नवी बाटली काढून मिठाशेजारी ठेवली. खंड पडायला नको होता, तो म्हणाला. बायकोने या वेळी सरळच विचारलं की एवढं रक्तबिक्त चाललंय, त्यात हे चालतं का.

"वहिनी, हे काय औषध आहे का? नुसतं व्हिटॅमिन आहे."

पंचनाम्याने वर पाहिलं. वाक्य ओळखीचं होतं. कुठे ऐकलंय ते आठवायला त्याला फार वेळ लागला नाही, आणि आठवलं तेव्हा चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरून मग दुप्पट होऊन परत आला.

त्याने हत्यारांच्या पेटीतून भिंग आणलं. विजेचे जळके कॉन्टॅक्ट तपासायचं भिंग होतं ते. बाटलीवर पुढच्या बाजूला एक सडसडीत माणूस डोंगरावर धावत होता. मागच्या बाजूला, पत्त्याच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय वापरू नये.

त्याने ती ओळ मोठ्याने वाचली. मग भावाला वाचायला लावली. मग कागदांची फाइल काढून आकडे आणि तारखा ओळीने मांडल्या. बाटली कधी आली, ते बायकोला आठवड्यानिशी माहीत होतं. तीस वर्षांचं प्रशिक्षण वाया गेलं नव्हतं. बाटली आली, आकडा पडला. डोस वाढला, तो बाटलीला पुरेनासा झाला, म्हणून आणखी वाढला. बाटली संपली आणि वाढलेला डोस एकटाच उरला. कोरड्या ड्रमवर आवळलेला ब्रेक.

पुढचा अर्धा तास धाकट्या भावासाठी सुखाचा नव्हता. माणूस विकतोस की बाटल्या विकतोस, इथून सुरुवात झाली. धावणाऱ्या माणसाला बोटभर जागा आणि इशाऱ्याला नखभरही नाही. तुला ठाऊक होतं मी कुठली गोळी घेतो. भाऊ आधी म्हणाला की हे नैसर्गिक आहे, मग म्हणाला की सगळं जग घेतं, मग म्हणाला की त्याने स्वतःही ती ओळ कधी वाचली नव्हती, आणि शेवटी चिडून खरं बोलला.

"आणि तू वाचलीस का, दादा? एका स्क्रूचा पंचनामा करणारा माणूस तू. साठ दिवस रोज सकाळी बाटली हातात घेतलीस. एकदा तरी उलटी करून पाहिलीस?"

बायकोने फक्त मिठाची बरणी उचलून त्याच्यासमोर ठेवली.

पंचनाम्याचा राग गेला नव्हता. तो कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. डॉक्टरवर ठेवावा तर बाईंनी विचारलं होतं. भावावर ठेवावा तर त्याने चांगल्यासाठी आणलं होतं. राग परत फिरून स्वतःच्याच दारात येऊन उभा राहिला, आणि दार उघडायची त्याला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वेळ न घेता, तो बाटली आणि तारखांचा कागद घेऊन दवाखान्यात गेला. बाईंनी लेबल वाचलं, तारखा पाहिल्या आणि पहिल्यांदाच मान न डोलावता त्याच्याकडे पाहिलं. के व्हिटॅमिन त्या गोळीच्या बरोबर उलट काम करतं, त्या म्हणाल्या. हे विष नाही. हिरव्या भाज्यांतही असतंच. पण अचानक सुरू केलं किंवा अचानक थांबवलं की गोळीचं गणित कोलमडतं. घ्यायचंच असेल तर मला सांगून, रोज तितकंच. मी गोळी त्याला धरून बसवेन. दुसऱ्या बाटल्यांचंही तेच, ई असो, माशाचं तेल असो, नाहीतर कुठली पावडर. आधी मला.

"मी तुम्हाला विचारलं होतं, काका. दुसरं औषध सुरू केलंय का म्हणून."

"औषध विचारलंत," तो म्हणाला. "हे औषध नाही असं दुकान सांगतं, भाऊ सांगतो, बाटली सांगते. तुमच्या कागदावर औषधांना रकाना आहे. मिठाशेजारच्या बाटलीला नाही. तो नाही म्हणून तुम्ही मला खोटारडा ठरवलंत, दोनदा. दोनदा दुसऱ्याच कोणाचं तेल दुरुस्त केलंत."

तेलाचा संदर्भ बाईंना लागण्यासारखा नव्हता. पण त्या म्हणाल्या की खोटारडा धरायला नको होतं, ते चुकलं. इतकी साधी कबुली त्याला अपेक्षित नव्हती. तयार करून आणलेली चार वाक्यं त्याला तशीच परत न्यावी लागली. बाईंनी डोस पुन्हा मूळच्या जागी आणला. सहीचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, दोन आकडे. त्याला ते पटलं, आणि पटल्याचाही राग आला.

तीन आठवडे तो फोनच्या खोलीत बसला. शेजारी शिट्टी. दोघं एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलत, आणि काम फोनवर असल्यामुळे तेही बोलत नसत. बाहेर कुठेतरी लिफ्ट अडकत, दुसरेच मिस्त्री त्या सोडवत, आणि कधीपासून, कुठल्या मजल्यावर, आधी कोणी हात लावला, हे पंचनामा फोनवर इतकं विचारी की एका गृहस्थाने अडकलेल्या लिफ्टमधून ओरडून सांगितलं, मला काढा, मग हवा तेवढा जबाब देतो. शिट्टीने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

पहिला आकडा दोन पॉइंट चार. दुसरा दोन पॉइंट पाच. बाईंनी सही केली. आणि त्यांच्या कागदावर आता औषधांखाली हाताने ओढलेला एक नवा रकाना होता, वाकडा, पण होता.

सही घेऊन तो सरळ मशीन रूममध्ये जाऊ शकला असता. तो तळघरात आला. शिट्टीची शिक्षा संपायला अजून काही दिवस होते. पंचनाम्याने पिशवीतून एक पिवळं कार्ड काढून त्याच्यासमोर ठेवलं. कंपनीचंच कोरं कार्ड. गेले तीन आठवडे ते त्याच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं होतं. वरती यंत्राच्या नावाच्या जागी त्याने स्वतःचं नाव लिहिलं होतं. खाली आठ-दहा नोंदी होत्या, बायकोच्या अक्षरात, याच्या अक्षरात; सर्दीची एक गोळीसुद्धा सुटलेली नव्हती. पहिली नोंद मात्र पंचनाम्याची, मागची तारीख टाकून केलेली. साठ कॅप्सूल, रोज एक, हाडांसाठी. आधी नोंद नाही. कारण: नुसतं व्हिटॅमिन. सही.

शिट्टीने ते दोनदा वाचलं. मग हात पुढे केला.

"लाल पेन द्या, मास्तर."

पंचनाम्याने खिशातून लाल पेन काढून दिलं. ते पेन त्याने आजवर कोणाच्या हाती दिलं नव्हतं. शिट्टीने चौथ्या रकान्यात अक्षर वळणदार काढत लिहिलं: "न नोंदवता फेरफार. निष्काळजीपणा." खाली सही केली आणि कार्ड परत सरकवलं.

पंचनाम्याने ते वाचलं. कानशिलं तापलेली त्याला स्वतःला कळत होती. तो काहीतरी जोरात बोलणार होता, आणि बोललाही.

"तारीख कोण टाकणार?"

शिट्टीने तारीख टाकली. मग पंचनामा सुपरवायझरकडे गेला, आपली लेखी तक्रार लेखी मागे घेतली, आणि जोडीदाराशिवाय आपण शाफ्टमध्ये उतरत नसतो असं सांगून त्याच्याशी भांडला. दुपारी दोन नंबरच्या लिफ्टच्या छतावर दोघं चढले. तिसऱ्या मजल्यापाशी शीळ सुरू झाली, आणि पंचनाम्याने ती ताबडतोब बंद करायला सांगितली, कारण त्याला दोरांचा आवाज ऐकायचा होता.